पैलवानाचा चातुर्मास

कुत्रा पाळावा की पाळू नये, या प्रश्नाला आमच्या घरात कित्येक वर्षं एकच उत्तर होतं: पाळू नये. ते बदललं एका पावसाने. जुलैतल्या एका रात्री आमच्या आईने (वय ७८, गुडघे त्याहून जुने) स्कूटरखाली कुडकुडणारा एक पांढरा-तपकिरी जीव पदरात गुंडाळून वर आणला. सौभाग्यवतींनी त्याचं नाव ठेवलं ‘पैलवान’. नाव ठेवलं हे दोन्ही अर्थांनी, कारण बरगड्या पेटीच्या पट्ट्यांसारख्या मोजून घ्याव्यात.

डॉक्टरांच्या काट्यावर पैलवान अडीच किलो भरला. “पिल्लू नाही हो हे. चांगला मोठा आहे, फक्त उपाशी,” दात बघून ते म्हणाले. आधी जंतांचं औषध. मग दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं; एवढ्याशा कुत्र्याचं पोटही एवढंसंच, आणि फार वेळ रिकामं राहिलं तर रक्तातली साखर उतरते. दूध बेतानेच, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. कांदा-लसूण बंद, बेदाणे बंद, चॉकलेट बंद. तिन्ही विषासारखी.

आईचा चेहरा उजळला. “कांदा-लसूण नाही? बारा महिने चातुर्मास पाळणारं जनावर आहे की!”

“आणि भाताबरोबर उकडलेली कोंबडी, बिनहाडाची. निदान रोज अर्धं अंडं तरी,” डॉक्टर म्हणाले.

चातुर्मास तिथेच सुटला.

आता आमचं घर असं, की अंड्याचा केकसुद्धा दाराबाहेर खाऊन यावा. (मी ऑफिसच्या कँटीनमध्ये ऑम्लेट खातो, हे फक्त तुम्हाला सांगतोय.) मी डॉक्टरांशी वाद घालून पाहिला. कुत्रं काही लांडगा नव्हे. माणसाच्या उंबऱ्यावर पिढ्यान् पिढ्या राहून भात-पोळी पचवायला शिकलंय. ते म्हणाले, खरं आहे, नीट आखून शाकाहारावरही ठेवता येईल. पण हा आधीच खंगलाय, याच्यावर प्रयोग नकोत.

रात्री झोप येईना. व्रत ज्याचं त्याने घ्यायचं असतं. पैलवानाने कधी संकल्प सोडला होता? पण मग त्या कोंबडीने तरी काय सोडला होता? युधिष्ठिराने कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला म्हणतात, पण वाटेत त्याला खायला काय घातलं, ते कुणी सांगत नाही. त्याचं बरं होतं. तो कुत्रा प्रत्यक्ष धर्मच निघाला, त्याला कशाला लागतंय अंडं!

शेवटी आम्ही मध्यमवर्गीय तोड काढली. पैसे आमचे, अंडं बाईंनी त्यांच्या घरी उकडायचं आणि कामाला येताना डब्यातून आणायचं. भांडं विटाळलं नाही, कुत्रंही जगलं. कोंबडीचा विषय पुढे ढकलला. पंधरा दिवसांत पैलवान दोनशे ग्रॅम वाढला आणि पोस्टमनवर भुंकलासुद्धा.

एका सकाळी आईने सहज विचारलं, “तू अंडं उकडतेस तेव्हा पोरं काय म्हणतात गं?”

बाई हसल्या. “थोरला काही बोलत नाही. धाकटी विचारते, कुत्र्याला रोज कसं? मी म्हटलं, आजारी आहे तो. तर म्हणते, मग मी कधी आजारी पडू?”

आई हसली नाही. दिवसभर काही बोललीही नाही. संध्याकाळी माळ्यावरचं एक जुनं ॲल्युमिनियमचं पातेलं काढायला लावलं आणि म्हणाली, “आपल्या कुत्र्याचं जे काय पाप असेल ते आपल्या गॅसवर शिजू दे. तिच्या घरात कशाला?”

तेव्हापासून रोज सकाळी आमच्या गॅसवर तीन अंडी उकडतात. आई पातेल्याकडे पाठ करून उभी राहते, एक हात जपमाळेवर आणि एक डोळा घड्याळावर. दोन अंडी बाईंच्या डब्यात जातात. तिसऱ्यातलं अर्धं पैलवानाला.

उरलेल्या अर्ध्याचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला. सौ. म्हणाली कावळ्याला घालू. मी छताकडे बघत होतो.

“कावळ्याला कशाला?” आई पाठ न वळवता म्हणाली. “ह्याला दे. कँटीनमध्ये खातोच की.”