अंगचे आणि अंगावरचे

एसटीच्या पाटीवर '३२ शिराळा' वाचून नवखा प्रवासी फसतो. त्याला तो गाडीचा नंबर वाटतो. बत्तीस गावांचं ठाणं म्हणून बत्तीस शिराळा, असं गावकरी सांगतात आणि गप्पा नागपंचमीकडे वळतात. बत्तीस हा आकडा स्वतः काय चीज आहे, हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: 'आकड्याला कसला आलाय गुण?'

असतो की. दोन जातींचा असतो: काही गुण अंगचे, काही अंगावरचे. पाच वेळा दोन घेऊन गुणाकार केला की बत्तीस, हा अंगचा. रोमन आकड्यांत लिहा किंवा संगणकाच्या शून्य-एकात १००००० असं लिहा, तो ढळत नाही. तीन आणि दोन मिळून पाच, हे मात्र दशमान पद्धतीनं चढवलेल्या कपड्यांचं कौतुक. शिराळ्याचा पिन कोड ४१५४०८ म्हणजे १६ गुणिले ७ गुणिले ३७०९, आणि ३७०९ ही मूळ संख्या. टपाल खात्याला याचं सोयरसुतक नाही. त्याला कपडेच हवेत.

कपड्यांत आयुष्यभर रमलेला माणूस म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९०५ साली डहाणूला जन्मलेले, देवळालीचे शाळामास्तर. त्यांचा स्थिरांक ६१७४ सर्वांना ठाऊक आहे, तो सोडू. त्यांची बारसं करण्याची हौस जास्त गोड. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं ज्यांना पूर्ण भाग जातो त्या संख्या 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या. आणि एका प्रकाराला चक्क 'डेमलो', कारण ती कल्पना त्या नावाच्या रेल्वे स्टेशनवर सुचली! १९७५ मध्ये गणिती कोड्यांचे लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

केंब्रिजचे गणिती हार्डी यांनी असल्या गमतींची वासलात १९४० मध्येच लावली होती. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ ची नऊपट, दोन्हींत अंक उलटे. पण हे कोड्यांच्या सदराला शोभेल, यात गणितीला घेण्यासारखं काही नाही, असा त्यांचा निवाडा. केंब्रिजचा तोरा सोडला, तर मुद्दा खोटा नाही. अंगरख्याच्या गुंड्या मोजून देहाची परीक्षा होत नाही.

इथंच थांबता आलं असतं. पण १४२८५७ आडवा येतो. त्याचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे करा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज पुन्हा १४२८५७. अशांना कापरेकर संख्या म्हणतात. शुद्ध कपड्यांचा खेळ वाटतो ना? आता आत पाहा. ९९९९९९ ला सातानं भागलं की १४२८५७ मिळतात. त्यातून एक वजा केला तर १४२८५६, म्हणजे ७ गुणिले २०४०८. तोच २०४०८! ९९९९९९ चे अवयव २७, ७, ११, १३ आणि ३७. सहा अंकी कापरेकर संख्येला यांतल्या प्रत्येकानं भागलं की बाकी शून्य तरी उरते, नाहीतर एक. २००० साली डग्लस इयानुची यांनी अशा सगळ्या संख्यांचा हिशेब या अवयवांवरूनच मांडला. म्हणजे कपडा देहाच्या मापानंच बेतलेला निघाला, आणि हार्डींची बाजू घेऊन वर केलेली वाटणी आता तितकी पक्की राहत नाही.

शिराळ्याचा पिन कोड? सातानं बाकी शून्य. अकरानं भागलं की मात्र चार उरतात.