बैलाचें जूं आणि सिंहाचा पिंजरा

सर्कशींत अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह ह्या जनावरांकडून खेळ करवून घेण्यास भारत सरकारनें १९९८ सालीं मनाई केली. सर्कसवाल्यांनीं न्यायालयांत दाद मागितली. परंतु केरळच्या उच्च न्यायालयानें २००० सालीं व सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं ती मनाई कायम ठेविली. ह्या धंद्याशीं आपल्या प्रांताचें नातें जुनें. विष्णुपंत छत्रे यांनीं आपली सर्कस १८८० सालीं मुंबईंत लोकांपुढें आणिली. त्यामुळें वाघसिंहांवांचून तंबू ओका झाला अशी हळहळ खेड्यांतील वडील माणसें अद्याप करितात. तिच्यांत आम्ही सामील नाहीं. परंतु त्यांच्यापैकीं एखादा शेतकरी जो प्रश्न विचारतो, तो टाळतां येण्यासारखा नाहीं: सिंहास स्टुलावर बसविणें हा अन्याय, तर बैलाच्या मानेवर जूं देणें हा न्याय कसा?

बहुतेकांच्या ओठांवर असलेलें उत्तर हें कीं, सर्कसवाला चाबूक मारितो आणि शेतकरी माया करितो. हें उत्तर टिकत नाहीं. पराणीस आर कशासाठीं असते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. आणि साखर कारखान्याच्या वाटेवर उंसाच्या गाडीखालीं गुडघे टेकलेला बैल ज्यानें पाहिला आहे, त्यानें मायेची गोष्ट जपून बोलावी. उलटपक्षीं, जनावरांस पोटच्या पोरांप्रमाणें जीव लावणारे राखणदार सर्कशींतहि होते.

दुसरें उत्तर अधिक वजनाचें आहे: नांगरल्यावांचून पोट भरत नाहीं, खेळावांचून भरतें. ह्यांत माणसाच्या दोषाचें माप आहे खरें. पण जनावराच्या दुःखाचें माप त्यांत नाहीं. आपल्या श्रमांची भाकरी झाली कीं टाळ्या झाल्या, हें त्या मुक्या जिवास कोठें कळतें?

तें माप शोधूं जातां आम्हांस हत्तींची हकीकत फार उपयोगी वाटते. युरोपांतील प्राणिसंग्रहालयांतल्या आशियाई हत्तिणी आणि ब्रह्मदेशाच्या सरकारी लाकूडखात्यांत राबणाऱ्या हत्तिणी यांची तुलना कांहीं संशोधकांनीं केली, व ती २००८ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत छापून आली. संग्रहालयांतच जन्मलेल्या हत्तिणींचें मध्यम आयुष्य १८.९ वर्षें भरलें, लाकूडखात्यांतल्यांचें ४१.७ वर्षें. एकीस वेळेवर चारा, हाताशीं वैद्य, आणि काम कांहींच नाहीं. दुसरीच्या वांट्यास ओंडके ओढणें. तरी जी राबली ती दुपटीहून अधिक जगली! लाकूडखात्याची रीत निर्दोष आहे असें नव्हे. पिलांस माणसाळवितांना तेथें फार कठोरपणा होतो. परंतु काम संपलें कीं हत्तिणीस रानांत सोडतात. ती आपला पाला आपण शोधते, आपल्या जातीच्या सोबतींत रात्र काढते, आणि सकाळीं माहुतास तिच्या मागावर जावें लागतें. संग्रहालयांतल्यांच्या अल्प आयुष्याचीं कारणें म्हणून संशोधकांनीं लठ्ठपणा व मनावरील ताण हीं सुचविलीं. एका ठिकाणाहून दुसरीकडे हलविलेल्यांस धोका अधिक, असेंहि त्यांस आढळलें.

तेव्हां जनावराचा घात श्रमांपेक्षां कोंडण्यानें अधिक होतो, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत बैलास काम मना नाहीं. शब्बाथाचा विसावा मात्र त्यालाहि सांगितला आहे. चांगल्या घरचा बैल जोडीदारासह चालतो, बांधावर चरतो, आणि त्याचें कूळ हजारों वर्षें माणसाच्या सहवासांत वाढलेलें आहे. सिंहाचें तसें नाहीं. तो गजांलगत येरझारा घालूं लागला म्हणजे मुलांस ती त्याची ऐट वाटते. मांसाहारी जनावरांपैकीं ज्या जातींचा रानांतील वावर दूरदूरचा, त्याच बंदिवासांत अधिक येरझारा घालतात, असें २००३ सालीं 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसून आलें.

प्राणिसंग्रहालयें सरसकट निंद्य, असें आम्ही म्हणणार नाहीं. अरबस्तानांतील ओरिक्स नांवाचें हरिण १९७२ सालीं रानांतून नाहींसें झालें होतें. बंदिवासांत जपलेल्या कळपांमुळें तें १९८२ सालीं ओमानच्या वाळवंटांत पुन्हां सोडतां आलें. परंतु पेरू व चिली यांच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या जातीचे आठ पेंग्विन २०१६ सालीं मुंबईच्या राणीच्या बागेंत आणिले, आणि त्यांतला एक थोड्याच महिन्यांत मेला. ह्यांत पेंग्विनांचें कोणतें हित साधलें हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

मुंबई दूर राहो. पोपटाचा पिंजरा आपल्याच ओसरीवर टांगलेला असतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें देशी पोपट पाळणें मना आहे, हें पुष्कळांस ठाऊकहि नसतें. पोपट थव्यानें राहणारा पक्षी. त्यास पेरूची फोड मिळते, हिरवी मिरची मिळते, घरचीं माणसें कौतुकानें त्यास बोलावयास शिकवितात, काम तर कांहीं नाहींच. आणि वरच्या मापानें पाहिलें तर गोठ्यांतल्या बैलाहून तोच अधिक दुर्दैवी ठरतो.

मात्र हें वाचून कोणी आजच पिंजऱ्याचें दार उघडून टाकूं नये. सर्कशींतून सोडविलेले सिंह रानांत परत जाऊं शकले नाहींत. तिरुपति, विशाखापट्टण इत्यादि ठिकाणच्या आश्रयस्थानांत, वीण बंद ठेवून, त्यांस मरेपर्यंत पोसावें लागलें. पंख छाटलेला, स्वतः दाणा शोधण्यास न शिकलेला पोपट तसाच सोडला तर मांजराच्या तोंडीं जाईल. त्यास वनखात्याच्या जवळच्या कचेरींत नेऊन द्यावें. आणि बाजारच्या दिवशीं पिलांची टोपली घेऊन बसणाऱ्याकडून दुसरा विकत आणूं नये.