जत्रेच्या दिवशी घरी राहणारांस

(वाचावे: लूक 15:25-32, फिलिप्पै. 4:10-13)

चैत्र लागला म्हणजे गावोगावच्या जत्रांस आरंभ होतो. पालखी निघते, ढोल वाजू लागतात, कुस्त्यांचा फड भरतो, रेवड्यांची दुकाने मांडली जातात आणि लेकी माहेरी येतात. अशा संध्याकाळी ख्रिस्ती कुटुंबाच्या उंबऱ्यावर एखादे मूल उभे राहून विचारते, "आई, समदी पोरं गेली, आपणच का नाय जायचं?"

प्रिय बंधुभगिनींनो, हा प्रश्न केवळ मुलाचा नव्हे. तो थोरांच्याही मनात असतो, आणि त्यामागे मोठे भय असते. आपण वेगळे राहिलो तर नांगरणीस सावड कोण करील? लेकीची सोयरीक कोण जुळवील? घरी मरण ओढवले तर खांदा द्यावयास कोण येईल? हे भय पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांनी ते सोसले आहे त्यांस त्याचे वजन ठाऊक आहे.

परंतु घरी राहण्याचेही प्रकार आहेत, आणि त्यांतील दोन घातक होत.

पहिला प्रकार हळहळीचा. इस्राएल लोक मिसरातून निघाले, पण त्यांचे मन मागेच राहिले. रानात त्यांस तेथील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण आठवले (गणना 11:5). विटांची वेठ व मुकादमांचा मार मात्र आठवला नाही. आणि रोज मिळणारा मान्ना त्यांस नकोसा झाला. जो घरी बसून ढोलाकडे कान लावतो त्याची गत हीच होते. जत्रा तर त्यास मिळत नाहीच, पण घरची भाकरही गोड लागत नाही.

दुसरा प्रकार ताठ्याचा. दृष्टांतातील वडील भाऊ शेतातून आला, त्याने वाद्यांचा आवाज ऐकला, आणि तो रागावून बाहेरच राहिला. ज्या उत्सवास बाप आनंदाने बसला होता त्यातही तो गेला नाही, कारण भावाविषयी त्याच्या ठायी प्रीती नव्हती. "आम्ही जत्रेस जात नाही" एवढ्यावरूनच आपण शेजाऱ्यास तुच्छ मानू लागलो, तर आपले घरी राहणे देवाकरिता नसून अहंकाराकरिता आहे. तरी पाहा, त्या रुसलेल्या मुलाची समजूत घालण्यास बाप स्वतः बाहेर आला, आणि आपला सहवास व आपले सर्वस्व त्याचेच आहे, याची त्याने त्यास आठवण दिली. समाधानाचे मूळ येथे आहे.

प्रेषित पौल बंधनात असता लिहितो की, आहे त्या स्थितीत तृप्त राहण्यास तो शिकला. म्हणजे ही तृप्ती बाप्तिस्म्याबरोबर आयती हाती येत नाही. ती दिवसेंदिवस शिकावी लागते. त्याच पौलाने करिंथ येथील मंडळीस मूर्तींच्या पंक्तीपासून दूर राहण्यास सांगितले, पण शेजाऱ्याने जेवावयास बोलाविले असता जाण्याची मोकळीकही दिली (1 करिंथ. 10). पूजेत आपला भाग नाही. शेजारधर्मात मात्र आहे.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईस झाला, तेव्हा आप्तेष्ट दुरावले, आणि पत्नी लक्ष्मीबाई याही काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पण त्यांनी गमावलेल्याचा शोक करीत दिवस काढले नाहीत. त्यांनी मराठी मंडळीस अभंग व भजने दिली, की ज्यायोगे ख्रिस्ती घर मुके राहू नये.

म्हणून जत्रेच्या संध्याकाळी दार लोटून खिन्न बसू नका. उपदेशक व मास्तर यांनी चार घरे एका अंगणात जमवावी, टाळ-मृदंग घेऊन भजन करावे, मुलांच्या हातावर गूळ-खोबरे ठेवावे. मूल विचारील तेव्हा "ते लोक वाईट आहेत" असे सांगू नका. त्यास जवळ घेऊन म्हणा, "बाळा, आपला बाप आज आपल्या घरी आला आहे, त्याला सोडून कुठं जायचं?"

आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याची गाडी चिखलात रुतली, अथवा त्याच्या घरी कोणी आजारी पडले, तर हाक येण्यापूर्वीच धावून जा. सावड प्रथम आपण करावी. जत्रेत आपण दिसलो नाही हे गाव विसरेल. संकटात आपण दिसलो हे विसरणार नाही. प्रभू आपणांस असे भरलेले घर व असा मोकळा हात देवो. आमेन.