वर्गाचे कारभारी

अक्कलकोट म्हटले की महाराष्ट्राला वटवृक्ष आठवतो, स्वामी समर्थ आठवतात, गुरुवारची गर्दी आठवते. सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर आलेला भाविक दर्शन घेतो, अन्नछत्रात जेवतो आणि परतीची गाडी धरतो. तो आणखी थोडा पुढे, मैंदर्गी-दुधनीच्या किंवा नागणसूर-तोळणूरच्या बाजूला गेला, तर त्याला वेगळाच तालुका भेटेल. पारावरच्या गप्पा कन्नडमध्ये, तलाठ्याकडचे कागद मराठीत, आणि बाजारात दोन्ही भाषा एकाच वाक्यात. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा तालुका मुंबई राज्यात राहिला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने तो कर्नाटकाला द्यावा अशी शिफारस केली आणि महाराष्ट्राने ती फेटाळली. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मोठ्यांचा हा वाद मोठ्यांच्या गतीने चालू राहील. पहिलीच्या वर्गात मात्र भाषेचा निकाल रोज सकाळी साडेदहाला लावावा लागतो.

इथे जिल्हा परिषदेच्या शाळा मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या आहेत. कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी बालभारती कन्नडमधून पुस्तके छापते. पण माध्यम ठरले म्हणून घरची भाषा बदलत नाही. कन्नड घरातले मूल जेव्हा मराठी शाळेत नाव घालते आणि गुरुजी माढ्याहून किंवा बार्शीहून बदलीने आलेले असतात, तेव्हा पहिले काही महिने वर्गात एक तिसरी व्यक्ती लागते. गुरुजी ‘पाणी’ म्हणतात, मूल गप्प राहते. शेजारी बसलेली तिसरीतली मुलगी हळूच ‘नीरु’ म्हणते आणि मूल उठून माठाकडे जाते. त्या मुलीने आत्ताच एक तास शिकवला. तो कुठल्या वेळापत्रकात नाही, तिच्या प्रगतिपुस्तकात त्याची नोंद नाही, आणि बहुधा तिला स्वतःलाही ते शिकवणे वाटत नाही. वर्गातल्या जबाबदारीबद्दल बोलायचे तर या मुलीपासून सुरुवात करावी लागेल.

आपल्याकडे हा विषय निघाला की चर्चा लगेच ‘मुलांना जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी’ या वळणावर जाते. जाणीव मुलांना पुरेशी आहे. कोरडवाहू तालुक्यातले दहा वर्षांचे मूल शाळेत येण्याआधी पाणी भरून येते, शेळ्या सोडून येते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच कधी कधी वर्गात बसते. घरी ज्याच्या भरवशावर आई रोजगाराला जाते, तेच मूल शाळेत आल्यावर खडू आणायलासुद्धा परवानगी मागते. घरात कर्तेपण आणि शाळेत पोरकटपणा, असे दोन जन्म ते एका दिवसात जगत असते. शाळेने त्याचे कर्तेपण दाराबाहेर काढून ठेवायला लावले आहे.

आणि हे तिथे, जिथे शाळेचे त्याच्यावाचून चालतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार प्राथमिक शाळेचा पट साठपर्यंत असेल तर शिक्षक दोन. वर्ग मात्र पहिली ते चौथी असे चार. म्हणजे प्रत्येक शिक्षकाकडे एका वेळी किमान दोन वर्ग. त्यातला एक शिक्षक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा माहिती भरायला गेला की उरलेल्याकडे चारही. अशा दिवशी शाळा कोण चालवते? मोठी मुले. चौथीची मुलगी पहिलीला अक्षरे गिरवायला बसवते, तिसरीचा मुलगा दुसरीचे पाढे म्हणवून घेतो. द्विशिक्षकी शाळेत काम केलेल्या कुणालाही विचारावे, तो हेच सांगेल. जबाबदारीची वाटणी ही तिथे रोजची निकड आहे. प्रश्न एवढाच की ती विचार करून केली जाते की वेळ मारून नेण्यासाठी.

वेळ मारून नेण्याचा इतिहास जुना आहे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांना धुळाक्षरे शिकवत. मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथालयात १७८९ पासून काम पाहणाऱ्या अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाने वाळूवर अक्षरे गिरवून शिकण्याची ही देशी रीत उचलली, मुलांकडून मुलांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकास्टरने तशीच व्यवस्था उभी केली. एक मास्तर, शेकडो मुले आणि मधे मॉनिटरांची फळी. ती स्वस्त होती म्हणून जगभर गेली आणि फिरून आपल्याकडेही आली. पण पंतोजींच्या ओट्यावरचे शेजारपण वाटेत गळून पडले होते. उरली ती शिस्तीची उतरंड. आपल्या वर्गातला मॉनिटर हा त्या उतरंडीचा वारस आहे.

त्याचे काम पाहा. बाई बाहेर गेल्या की तो फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावे’ असे लिहून खाली रेघ मारतो. मग नावे येतात. पुन्हा बोलला तर नावापुढे फुली, आणखी बोलला तर दुसरी फुली. जिवलग मित्राचे नाव बाई यायच्या आत पुसले जाते, ज्याच्याशी मधल्या सुट्टीत भांडण झाले त्याच्या फुल्या वाढतात. या मुलाच्या हाती दिला आहे तो फक्त पहारा. वर्गात काय चालावे, कशाने चालावे, यातले काहीही त्याच्या अखत्यारीत नाही. यातून जबाबदारी वाढते असे मानणे ही मोठी चूक आहे. वाढते ती वरच्याची मर्जी राखण्याची कला, आणि ती पुढे आयुष्यभर पुरते.

शालेय मंत्रिमंडळाची कथाही पुष्कळदा याच वाटेने जाते. जूनअखेर निवडणूक होते. मतपत्रिका, बोटाला शाई, शपथविधी, सगळे यथासांग. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, सहलमंत्री. फोटो गटावर जातो. दिवाळीच्या सुट्टीत विचारले तर सहलमंत्र्याला सहल कुठे जाणार हे ठाऊक नसते, कारण ते मुख्याध्यापकांनी आणि एसटी आगाराने ठरवलेले असते. कल्पना उत्तम आहे, म्हणून तर चुटपुट जास्त. जिथे परसबागेत यंदा मेथी लावायची की टोमॅटो हे मुले ठरवतात, पाण्याच्या पाळ्या लावतात आणि मेथी करपली तर का करपली याचे उत्तर परिपाठात चारचौघांसमोर देतात, तिथे हेच मंत्रिमंडळ जिवंत होते. शाळेच्या अंगणात भरणारा मुलांचा बाजार असाच जिवंत असतो. भाव कोणी ठरवायचा, सुटे पैसे कुठून आणायचे, संध्याकाळी उरलेल्या कोथिंबिरीचे काय करायचे, हे निर्णय मुलांचे आणि त्यातला तोटाही मुलांचा. निर्णय आणि त्याचा परिणाम हे दोन्ही एकाच हातात असले की मुले बदललेली दिसतात. त्यातले एकच दिले तर उरते नुसते काम.

या कामाच्या वाटणीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती अवघड आहे. शाळा उघडल्यावर झाडू कोणाच्या हातात असतो? पुष्कळ ठिकाणी मुलींच्या. मुलगे बाक उचलतात, घंटा वाजवतात, मुली झाडतात आणि रांगोळी काढतात. देशाच्या काही भागांत अजूनही जात पाहून काम सांगितले जाते. हे ‘श्रमसंस्कार’ या नावाखाली खपवले जाऊ नये. महाराष्ट्राला तर याचे उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत. पाणी भरणे, दळणे, भांडी, शेती, सगळ्याच्या पाळ्या. १९२७ मध्ये गांधीजी त्या बोर्डिंगला येऊन गेले. त्या काळात कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे यावरून गावे फुटत होती. म्हणून त्या पाळीपत्रकाचे मोल कळते. पाळी सगळ्यांची असेल तरच झाडू हा संस्कार होतो. एकाच्याच वाट्याला आला तर ती त्याच्या घरच्या अपमानाची शाळेत केलेली पुनरावृत्ती असते.

इथवर मुलांबद्दल झाले. शिक्षकांचे काय?

वॉर्सामध्ये यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर १९१२ पासून ज्यू मुलांचे अनाथालय चालवत. त्यांनी तिथे मुलांचे न्यायालय सुरू केले. न्यायाधीश मुले, फिर्यादी मुले, आरोपी कोणीही. त्या न्यायालयाच्या संहितेत पहिली नव्व्याण्णव कलमे क्षमेची होती, शंभराव्या कलमापासून दोष ठरवणे सुरू होई. आणि आरोपींमध्ये कोर्चाक स्वतःही होते. सहा महिन्यांत ते पाच वेळा या मुलांच्या न्यायालयापुढे उभे राहिले. एका मुलाच्या कानशिलात मारली म्हणून, एका मुलीवर चोरीचा संशय घेतला म्हणून. मुलांना जबाबदार करायचे तर मोठ्यांनी मुलांना जबाब द्यायला शिकले पाहिजे, हे त्यांनी करून दाखवले. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंकाला नेले तेव्हा ते त्यांच्याबरोबर गेले.

आपल्या शिक्षकाने असे उभे राहावे ही अपेक्षा रास्त आहे. पण तो स्वतः कुठे उभा आहे तेही पाहायला हवे. शिक्षण हक्क कायद्याचे सत्ताविसावे कलम सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपू नये. प्रत्यक्षात पोर्टलवरच्या माहित्या, पोषण आहाराच्या नोंदी, आज मागवलेला आणि आजच हवा असलेला अहवाल यांत त्याचा दिवस जातो. काय शिकवायचे, कोणता उपक्रम कोणत्या तारखेला साजरा करायचा, त्याचा फोटो कुठे टाकायचा, सगळे वरून येते. ज्याच्या हाती स्वतःच्या वर्गाचा एकही निर्णय नाही, तो मुलांच्या हाती कोणता निर्णय देणार? वरून जसा हुकूम येतो तसाच तो खाली जातो. मंत्रालयापासून मॉनिटरपर्यंत एकच साखळी आहे, आणि तिच्यात जबाबदारी म्हणून जे वाटले जाते ते बहुतेक ओझे असते.

ही साखळी मधेच तुटू शकते, याचे उदाहरण साताऱ्याजवळ कुमठे बीटने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या गटाने, घालून दिले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी त्या बीटमधल्या शिक्षकांना सोबत घेऊन मूल स्वतः, गटात, वस्तू हाताळत शिकेल अशी वर्गरचना उभी केली. तपासणीला येणारा अधिकारी इथे सहकारी झाला, त्यामुळे शिक्षकांना प्रयोग करण्याची उमेद आली. मुले आपली हजेरी आपणच लावतात, गटात जे मूल अडते त्याला दुसरे समजावते. राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या ते पाहायला गेल्या आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर या पद्धतीचा बोलबाला झाला. मग तिची नक्कल म्हणून पुष्कळ शाळांच्या फरशा रंगल्या. रंग नेणे सोपे होते. शिक्षकाला मोकळीक देणारा अधिकारी सोबत नेता आला नाही.

सोलापूर जिल्ह्यातच, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची त्यांची कल्पना पुढे राज्यभर आणि देशभर गेली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम यादीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. बातम्यांत रकमेचे कौतुक झाले. त्यामागची समज अधिक मोलाची होती. शिक्षकाचे काम एकट्याचे नसते, ते करणारे इतरही आहेत, आणि मान मिळाला तर तोही वाटून घ्यायचा.

अक्कलकोटच्या शाळेला या सगळ्यातून काय घेता येईल? एक तर कायद्यात आधीच असलेली जागा वापरता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्राच्या नियमांत या समितीत दोन विद्यार्थ्यांनाही जागा आहे, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. कन्नड बोलणारी आई मराठी बैठकीत गप्प बसते, तिथे दोन्ही भाषा येणारी चौथीतली मुलगी सदस्य म्हणून बसली तर आईचे म्हणणे इतिवृत्तात येऊ शकेल. पाण्याची टाकी कधीपासून गळते हे तिला मुख्याध्यापकांपेक्षा नेमके माहीत असते.

दुसरी गोष्ट बदलीची. जिल्हा परिषदेचा शिक्षक आज ना उद्या जाणारच. एका कष्टाळू शिक्षकाच्या जिवावर उभी राहिलेली शाळा त्याच्या बदलीनंतर दोन वर्षांत ओस पडलेली अनेक गावांनी पाहिली आहे. परसबाग वाळते, पुस्तकांच्या पेटीला कुलूप लागते. शिक्षक गेला तरी मुले आणि गाव राहतात. म्हणून कारभार त्यांच्याकडे हवा, आणि तो दरवर्षी एका वर्गाने दुसऱ्या वर्गाकडे सोपवायला हवा.

त्यासाठी फार काही लागत नाही. एप्रिलअखेर चौथीच्या मुलांनी एक वही लिहून ठेवावी, मराठीत आणि कन्नडमध्ये, जूनमध्ये येणाऱ्या नव्या गुरुजींसाठी आणि आता चौथीत जाणाऱ्या मुलांसाठी. कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात. पहिलीतल्या कोणाला कोणाशेजारी बसवले की तो बोलू लागतो. पुस्तकांची पेटी कोणाकडे आहे आणि कोणती पुस्तके परत यायची राहिली. दिवाळीनंतर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला कोणाचे आईबाप जातात आणि त्या मुलाला मागे कोण सांभाळू शकेल. पुढच्या वर्षी ती वही पुन्हा लिहायची, आणि मुख्याध्यापकांनी ती हजेरीपटाशेजारी, त्याच कपाटात ठेवायची.