पडशीतले इंजिन

वाचक माउलींनो, वारीला निघताना तुम्ही पडशीत काय काय भरता? टाळ, हरिपाठाची पोथी, अंथरूण-पांघरूण. आणि तळाशी रक्तदाबाच्या गोळ्या व परतीच्या एसटीपुरते पैसे. ते पाहून घरातला एखादा तरुण हसत विचारतो, "सगळा भार विठोबावर टाकलात ना? मग हे कशाला?" प्रश्न थट्टेचा असला तरी झटकून टाकण्यासारखा नाही. हाताशी सोय राखून ठेवलेली श्रद्धा, ही श्रद्धाच का?

एक दृष्टांत पाहू. ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवे घाटाकडे चालताना हडपसर लागते. तिथे ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडर म्हणजे लांब पंखांचे, बिनइंजिनाचे विमान. जमिनीवरचे यंत्र लांब दोराने त्याला झपाट्याने ओढते, ते वर चढते आणि दोर सुटतो. पुढे आधार फक्त तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेचा. आपल्या किन्हवलीच्या शिवारात उन्हाळ्यात, राब भाजून काळ्या पडलेल्या शेतांवर घारी पंख न हलवता गोल गोल वर जातात, त्या याच हवेवर.

यातले मर्म असे की, वर जातानाही ग्लायडर त्या हवेत खालीच घसरत असते. हवा त्याच्या घसरण्याहून वेगाने चढते, म्हणून ते वर जाते. आपले मनही प्रपंचाकडे घसरतेच. नामाचा आणि संतसंगतीचा ओघ त्याहून जोराचा, म्हणून आपण थोडे वर येतो. मग 'मी चढलो' म्हणायला जागा कुठे उरली?

परदेशात आता काही ग्लायडरमध्ये छोटे जेट इंजिन बसवतात. वैमानिकाच्या पाठीमागे, विमानाच्या पोटात ते मिटून ठेवलेले असते. झडपा उघडतात, इंजिन वर येते आणि कर्कश आवाज करत चालते. पुष्कळ ग्लायडरमध्ये ते चढती हवा मिळेनाशी झाली तर घरी पोहोचण्यापुरते असते. काहींत मात्र एवढा जोर असतो की दोराशिवाय ग्लायडर आपले आपण उडते. पुरेशी उंची मिळाली की इंजिन बंद करून पुन्हा पोटात घेतात. खरे तरंगणे त्यानंतर सुरू होते.

मग इंजिन बाळगणाऱ्याचा हवेवर विश्वास नाही का? आहे. नसता तर त्याने इंजिन बंदच केले नसते. म्हणून पडशीत गोळ्या असण्यात दोष नाही. पुंडलिकानेही आईबापांची सेवा स्वतःच्या हातांनीच केली. दोष तेव्हा, जेव्हा पाय दिंडीत चालतात आणि आत हिशेबाचे इंजिन घरघरत राहते. त्या आवाजात टाळ ऐकू येत नाही.

दुसरा धोका याहून मोठा. वैमानिकांना शिकवतात की इंजिन सुरू होईलच असे धरू नका. उतरण्याजोगे शेत टप्प्यात ठेवूनच ते सुरू करायला जा. इंजिनाच्या भरवशावर जो जंगलावर गेला, त्याचे इंजिन ऐन वेळी रुसले तर उतरायला जागा राहत नाही. पैसा, मुले, शरीर ही आपली इंजिने. ती वापरावीत, पण त्यांच्या जिवावर विठोबाचे पाय नजरेआड होऊ देऊ नयेत.

आणि दिंडीत असाही कोणी असतो ज्याच्या पडशीच्या तळाशी काहीच नसते. रोजंदारी बुडवून आलेला. त्याला, पेन्शन खिशात ठेवून, "देवावर भार टाक" असे सांगणे सोपे आहे. त्याला उपदेश नको, परतीचे भाडे द्यावे. चढत्या हवेला घार कोण आणि ग्लायडर कोण हे कळत नाही. तिला माया नाही. वारकऱ्याला मात्र शेजारचा कळला पाहिजे. तो थकला तर त्याची पडशी आपल्या खांद्यावर घ्यावी. कदाचित त्याच्यासाठी विठोबाने पाठवलेली हवा आपणच असू.

रामकृष्ण हरी.