मातीचं पंचांग, सिमेंटचं घर

नांदेड-लातूरकडे घर बांधायचं ठरलं की पहिली तारीख बहुतेक वेळा अक्षय्य तृतीयेच्या आसपासची निघते. गुढीपाडव्यापासून तिथपर्यंतच्या महिनाभरात नारळ फुटतो, चुना टाकून पाया आखला जातो, आणि मृग निघायच्या आत निदान जोतं तरी वर यावं, जमलंच तर स्लॅबही पडावा, अशी धावपळ सुरू होते. पश्चिमेला पहिला ढग दिसला की सेंट्रिंगवाल्याच्या मागे तगादा लागतो. ही घाई इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं कारण कुणी विचारत नाही. ते विचारायला हवं, कारण उन्हाळ्यात घर बांधण्याची आपली रीत मातीच्या घराची आहे आणि आपण आता बांधतो ती घरं सिमेंटची आहेत.

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचं माळवद. माळवदाला लागणारी पांढरी माती गावच्या जुन्या पांढरीतून, पडक्या गढीच्या पायथ्याहून यायची. या बांधकामाला पाणी लागायचं ते चिखल कालवण्यापुरतं. त्यानंतर गरज असायची उन्हाची. चिखलातली भिंत वाळून घट्ट व्हायला वैशाखासारखा महिना नाही. रब्बीची ज्वारी घरात आलेली, बैल आणि गाडी मोकळी, गावातली माणसंही मोकळी. हातात थोडा पैसा असायचा तोही तेव्हाच. आणि अर्धवट भिंतीवर पाऊस पडला तर ती बसणार, म्हणून मृगाची हद्द. मुहूर्त, ऊन, सवड आणि पैसा या चारही गोष्टी वर्षात एकाच ठिकाणी येत होत्या. त्या पंचांगात खरं शहाणपण होतं, आणि पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवातून ते आलं होतं.

सिमेंट मात्र वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेतून ते दगडासारखं होतं. काँक्रीटच्या अंगातलं पाणी लवकर उडून गेलं तर क्रिया अर्ध्यावर थांबते. वरून स्लॅब टणक दिसतो, पण त्याच्या ताकदीचा मोठा हिस्सा कायमचा गेलेला असतो. 50 किलोच्या एका गोणीला मिसळताना साधारण 25 लिटर पाणी लागतं. पण खरी तहान नंतरची. भारतीय मानक 456 सांगतं की साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान 7 दिवस ओलं ठेवा. राख मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-उष्ण असेल तर किमान 10 दिवस, आणि शक्यतो 14. आपल्याकडे दुकानात सहसा मिळते ती गोणी राख मिसळलेल्या सिमेंटची आणि आपला मे महिना पारा चाळिसापुढे नेणारा, म्हणजे दोन्ही अटी आपल्यालाच लागू. दुपारच्या झळांत नव्या स्लॅबचा पृष्ठभाग काही तासांत तडकू लागतो. संध्याकाळी त्यावर आळी करून पाणी भरलं तरी त्या भेगा सांधत नाहीत.

हे पाणी मागायचं कोणाकडे? लातूरकरांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मार्च 2016 मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती, आणि 12 एप्रिलला मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे पहिलं 5 लाख लिटर पाणी घेऊन स्टेशनात आली होती. ते वर्ष टोकाचं होतं हे खरं. पण एरवीच्या वर्षीही एप्रिल-मेमध्ये मांजरेवरच्या धरणाची पातळी हा शहराच्या रोजच्या बोलण्याचा विषय असतो. गोदावरीकाठचं नांदेड विष्णुपुरीच्या जलाशयामुळे त्या मानाने सुखी, तरी नव्या वस्त्यांमध्ये उन्हाळ्यात बांधकाम चालतं ते बोअर आणि टँकरवर. खोल बोअरचं पाणी अनेकदा क्षाराचं असतं. तेच भिंतीवर मारायचं आणि पुढे त्या भिंतीला लोणा लागला की रंगवाल्याला बोल लावायचा, असं चालू राहतं. सिमेंटला सर्वांत जास्त पाणी लागतं तो पंधरवडा आपण नेमका प्यायचं पाणी विकत घेण्याच्या दिवसांत आणून बसवतो.

आपण सिमेंटकडे वळलो ते हौसेपोटी नव्हे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीची जमीन हादरली. तोवर हा भाग भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक पट्ट्यात मोजला जात होता. सरकारी नोंदीप्रमाणे आठ हजारांच्या घरात माणसं गेली, आणि बहुतेक गेली ती आपल्याच घराखाली. भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड आरपार दगडांनी एकमेकांत गुंतवलेले नव्हते. हादऱ्यासरशी दोन्ही अंगं सुटली. दर वर्षी पावसाळ्याआधी गळतीवर उपाय म्हणून मातीचा नवा थर चढवून माळवदं मणामणांनी जड झाली होती. अनेक ठिकाणी लाकडी खांबांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतीच्या भिंती माणसांवर आल्या. त्या पहाटेनंतर लातूर-धाराशिवकडच्या माणसाला दगड-मातीच्या छपराखाली झोप लागेना. सुरक्षित घर म्हणजे सिमेंटचं घर, हे समीकरण तेव्हा पक्कं झालं.

पुढच्या चार-पाच वर्षांत जागतिक बँकेच्या साहाय्याने जे पुनर्वसन झालं त्यात 52 गावं नव्या जागी उभी राहिली. घरांचे तीन आकार ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना 400 आणि मोठ्यांना 750. सरळ रस्ते, रांगेतली घरं, संस्थांनी आणि गुत्तेदारांनी बांधलेली. इतक्या लोकांना इतक्या लवकर छप्पर मिळालं हे मोठंच काम होतं, आणि ते कमी लेखायचा माझा विचार नाही. पण कित्येक गावांत घर मिळालं ते किल्लीसकट तयार. पाया किती खोल गेला, सळईला रिंगा किती अंतरावर बांधल्या, पाणी किती दिवस मारलं, हे ज्याला त्यात राहायचं होतं त्याने पाहिलंच नाही. याच कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागात, जी गावं हलवली नाहीत तिथे लोकांनी हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन आपली घरं स्वतः दुरुस्त केली, मजबूत केली. शिकण्यासारखं जास्त तिथे होतं. एकूण हिशेब पाहिला तर किल्लारीनंतर आपण सिमेंट हे साहित्य घेतलं. त्याला लागणारा काळ, क्रम आणि पाणी आपल्या पंचांगात घेतलंच नाही.

हा धोका जुना झालेला नाही. 2002 च्या नकाशात लातूर तिसऱ्या भूकंपप्रवण पट्ट्यात गेलं. 21 मार्च 2024 रोजी हिंगोलीकडे 4.5 तीव्रतेचा धक्का बसला आणि नांदेडात माणसं घराबाहेर आली. त्याच वर्षी जुलैत तेवढाच पुन्हा. अशा वेळी घर तारतात ते कॉलम, आणि पाण्याच्या बाबतीत सर्वांत उपेक्षित असतात तेही कॉलमच. स्लॅबवर पाणी साठवता येतं. उभ्या कॉलमला गोणपाट गुंडाळून ते दिवसातून चार-पाच वेळा भिजवावं लागतं, आणि भर उन्हात ते कोण करणार? गुत्तेदाराचे पैसे टप्प्याने ठरलेले असतात. जोत्याला इतके, स्लॅबला इतके. स्लॅब पडला की मोठी रक्कम हाती येते, म्हणून त्याची सारी धाव स्लॅबकडे. पाणी मारण्याचे पैसे बहुधा कुठल्याच टप्प्यात नसतात, ते ‘मालकाकडे’. मालक नोकरीवर, मुलं शाळेत, आणि नळी येते घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात. सगळ्या नियोजनात खर्चाच्या वहीत पहिल्यांदा लिहावी अशी ओळ कुठली असेल, तर महिनाभर पाणी मारणाऱ्या माणसाच्या रोजाची.

नियोजनाचं शास्त्र याच गोष्टीला निराळ्या भाषेत मांडतं. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यांसाठी एक पद्धत तयार झाली: सगळी कामं एकमेकांवर कशी अवलंबून आहेत ते मांडायचं आणि त्यांतली अशी साखळी शोधायची, जिच्यातला एक दिवस हुकला तर सगळं काम एक दिवस हुकतं. मोठमोठे पूल आणि धरणं आज त्या हिशेबाने बांधली जातात. दोन खोल्यांच्या घरालाही अशी साखळी असते. वायरिंगच्या नळ्या स्लॅबच्या आधी, नाहीतर नवी भिंत फोडायची, चौकटी वीटकामासोबत, बाथरूमची गळती तपासून मगच फरशी. घर बांधणारे हे सगळं चार ठिकाणी विचारून शिकतात. पण आपल्याकडची खरी साखळी मिस्त्री किंवा सेंट्रिंगवरून जात नाही, ती पाण्यावरून जाते. वेळापत्रक पाण्यापासून आखायला सुरुवात केली की महिने आपोआप जागा बदलतात.

मला जो क्रम योग्य वाटतो तो असा. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त सोडायचं कारण नाही. त्या दिवशी भूमिपूजन करावं, आणि मे महिन्यात फक्त पाया आणि जोतं करावं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पावसात फुगते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा, जोत्यातली काळी माती काढून मुरूम थराथराने भरावा, ठोकावा. पायातलं काँक्रीट जमिनीखाली असतं, मातीने झाकलं की ओल धरून राहतं. वरच्या कामाच्या मानाने त्याला पाणी कमी लागतं. मग थांबावं. भरावाने एक पावसाळा पाहिला की तो जिथे बसायचा तिथे बसतो, आणि पुढे फरशी खचत नाही. जुनी माणसं हे सांगायची आणि ते सिमेंटच्या घरालाही तितकंच लागू आहे. बाहेर राहिलेल्या कॉलमच्या सळयांना सिमेंटचं दाट पाणी लावून ठेवलं की गंज आटोक्यात राहतो.

परतीचा पाऊस सरला की दिवाळीनंतर वरचं काम. विहिरी भरलेल्या, ऊन कोवळं, आणि पैसाही आता तेव्हाच येतो. आपल्या पंचांगाखालचं पीक बदललं हे आपण लक्षात घेत नाही. लातूरचा मोंढा आज सोयाबीनसाठी ओळखला जातो, आणि सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं. ज्वारीच्या काळातला चैत्र-वैशाखाचा पैसा आता पुष्कळ घरांत कार्तिकात येतो. डिसेंबर-जानेवारीत पडलेल्या स्लॅबला आठवडाभर जे पाणी पुरतं, ते मेमध्ये तीन दिवसही पुरणार नाही. फेब्रुवारीत प्लास्टर, आणि पुढच्या पाडव्याला किंवा अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत. भाड्याने राहणाऱ्याला आणि कर्जाचं व्याज भरणाऱ्याला हे वर्ष लांब वाटेल, आणि ती तक्रार खरी आहे. पण कर्ज टप्प्याने उचलता येतं. जोत्यापुरती रक्कम उचलली तर व्याजही तेवढ्यावरच लागतं. तडकलेला स्लॅब मात्र कर्जाच्या सबंध मुदतीत डोक्यावर राहतो.

यात एक अडचण आहे, आणि ती मला व्याजापेक्षा मोठी वाटते. दसरा झाला की मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. बांधकामावरचे बिगारी यांच्यातलेच. म्हणजे हवा अनुकूल तेव्हा हात कमी आणि मजुरी चढी. गाठीला पैसा असलेला माणूस जास्त मजुरी देऊन निभावून नेईल, आणि ती त्याने द्यावीच. पण त्या बिगाऱ्याचं स्वतःचं घर? प्रधानमंत्री आवास योजनेत त्याला सपाट प्रदेशासाठीचे मूळ 1 लाख 20 हजार रुपये हप्त्यांनी मिळतात आणि घरकुल मंजुरीपासून 12 महिन्यांत पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. तो गावी परततो एप्रिलमध्ये. हप्ता, सवड आणि माणसं जुळून येतात तोवर मे उजाडतो. ज्याच्या दारी नळ नाही, त्याचाच स्लॅब सर्वांत कोरड्या महिन्यात पडतो. 25 चौरस मीटरचं ते घर त्याच्या आयुष्यातलं एकमेव पक्कं बांधकाम असतं, आणि ते सुरुवातीलाच कच्चं राहतं.

त्याच्यासाठी वेळापत्रक उलटं करून पाहायला हवं. मे ते सप्टेंबर तो गावात असतो. पावसाळ्यात स्लॅब टाकायला लोक भितात, पण ताज्या काँक्रीटला भीती असते ती पहिल्या काही तासांतल्या जोराच्या सरीची. एका घरकुलाचा स्लॅब दिवसाभरात पडतो आणि तेवढा एका मोठ्या ताडपत्रीखाली झाकता येतो. त्यानंतर आभाळच त्याला पाणी घालतं. मराठवाड्यात ऑगस्टमध्ये पावसाला मोठमोठे खंड पडतात, शेतकरी त्यांना घाबरतो. घरकुलाचा स्लॅब टाकायला तेच दिवस सोयीचे. अडतं ते साहित्यावर. पावसाळ्यात वाळूघाट बंद, वीटभट्ट्या बंद, आणि जे मिळतं ते चढ्या भावाने. म्हणजे वाळू आणि विटा मे संपायच्या आत दारात पडायला हव्यात, आणि त्यासाठीचा हप्ता एप्रिलमध्ये, तो उसाच्या फडावरून गावी उतरतो त्या आठवड्यात, खात्यावर यायला हवा. कोणतं घरकुल कोणत्या टप्प्यावर आहे याचे फोटो पंचायत समितीकडे असतात. ऊसतोडीला कोण गेलं आहे हे ग्रामसेवकाला ठाऊक असतं. या दोन गोष्टी एका टेबलावर मांडून हप्त्यांच्या तारखा लावायच्या, तर त्याला नवा कायदा लागत नाही. मार्चमध्ये एक बैठक पुरते.