उदास मुलास दोष द्यावा काय?

बाळपणीं मार, उपासमार किंवा आईबापांचा वियोग सोसलेलें मूल पंधराव्या वर्षीं खिन्न होऊन कोपऱ्यांत बसतें, तेव्हां आम्ही त्यास आळशी किंवा अल्पविश्वासी म्हणतों. हा न्याय आहे काय? हवाई बेटांपैकीं कौआई येथें १९५५ सालीं जन्मलेल्या ६९८ मुलांचें एमी वर्नर बाईंनीं अनेक वर्षें निरीक्षण केलें. त्यांतील अत्यंत हालांत वाढलेल्या मुलांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा कर्ता व मायाळू निघाला. अशा मुलांस आजी, शेजारीण किंवा शिक्षक असें निदान एक भरंवशाचें माणूस लाभलें होतें. प्रिय वाचकहो, दीर्घकाळ टिकणारी खिन्नता पाप नव्हे; ती आजार असूं शकते, म्हणून वैद्यासही दाखवावें. परंतु तें एक माणूस होणें आमच्याच हातीं आहे. दोष देणें सोपें. जवळ बसणें हेंच कर्तव्य होय.